कोमोची बालवाडी आणि समुद्रकाठचा मनोरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इटलीत मुसोलिनीची राजवट होती. शाळेत काळा गणवेश, कवायत, हात वर करून सलाम. मग त्याच वर्षांत तिथे इतक्या मोकळ्या, काचेच्या, उन्हाने भरलेल्या शाळा कशा उभ्या राहिल्या? आणि आज शाळेची इमारत बांधणाऱ्याने त्या अभ्यासाव्यात, की फॅसिस्ट वारसा म्हणून बाजूला ठेवाव्यात?

माझं उत्तर: जरूर अभ्यासाव्यात, पण फोटोवरून नव्हे, नकाशावरून. गेली तीस वर्षं मी शाळांच्या इमारतींचं काम करतो आहे आणि या इटालियन इमारतींकडे पुन्हा पुन्हा वळलो आहे. सपाट छप्पर, पांढरा गिलावा, लांबच लांब खिडक्या हे सगळं क्षणभर झाकून ठेवा आणि प्रत्येक प्लॅनमध्ये एकच गोष्ट शोधा: मूल कुठे उभं आहे, आणि तिथून त्याला काय दिसतं. एवढं केलंत की एकाच काळात, एकाच राजवटीत, कधी एकाच वास्तुविशारदाच्या हातून झालेल्या दोन इमारती एकमेकींपासून किती लांब आहेत ते कळतं.

आधी जुनी शाळा डोळ्यांसमोर आणा. एकोणिसाव्या शतकातली युरोपातली शाळा म्हणजे जाड भिंतींची, दोन-तीन मजल्यांची, मधोमध कॉरिडॉर असलेली इमारत. बांधकाम वजन पेलणाऱ्या भिंतींचं, म्हणजे खिडकी किती रुंद करायची यालाच मर्यादा. खिडक्या उंच असत, पण त्यांची खालची कडा मुलाच्या डोळ्यांच्या वर. बाहेर बघून लक्ष विचलित होऊ नये हा हेतू. उजेड डाव्या बाजूनेच यायला हवा असा दंडक होता, कारण उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली कागदावर पडू नये. या एका नियमाने अख्खा वर्ग एका दिशेला जखडला जाई. बाकं जमिनीला ठोकलेली, सगळी तोंडं फळ्याकडे. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाची त्यात सोयच नव्हती.

या बाकांना पहिला धक्का इटलीतच बसला, आणि तो वास्तुविशारदाने दिलेला नव्हता. 1907 च्या जानेवारीत मारिया माँतेस्सोरी यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालघर उघडलं. लहान मुलाला स्वतः उचलून नेता येईल अशी हलकी खुर्ची, त्याच्या कमरेइतकं टेबल, हात पोचेल अशा उंचीवर कपाट. आज कुठल्याही बालवाडीत दिसणाऱ्या या गोष्टी तेव्हा क्रांतिकारक होत्या. खुर्ची हलवता आली की वर्गाला एकच दिशा उरत नाही, आणि दिशा उरली नाही की डाव्या बाजूच्या खिडकीचा नियमही मोडीत निघतो. आता उजेड सगळीकडून हवा. तीस वर्षांनी वास्तुविशारदांनी जी काचेची भिंत बांधली, तिची गरज त्या हलक्या खुर्चीने आधीच निर्माण करून ठेवली होती.

मुसोलिनीच्या सरकारने 1924 पासून माँतेस्सोरींना पाठबळ दिलं, कारण त्यांचं नाव जगभर गाजत होतं. पण प्रत्येक मुलाला स्वतःचं काम स्वतः निवडू देणारी पद्धत आणि सगळ्या मुलांना एका रांगेत उभं करणारी राजवट यांचं फार काळ जमणं शक्य नव्हतं. 1934 मध्ये संबंध तुटले आणि त्या इटली सोडून गेल्या. 1939 मध्ये त्या भारतात आल्या, मद्रासच्या अड्यारमध्ये. 1940 च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरल्यावर ब्रिटिशांनी त्यांचा मुलगा मारिओ यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून आपल्या अहमदनगरला स्थानबद्ध केलं, आणि आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, 31 ऑगस्टला सोडलं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी याच पद्धतीला इथल्या मातीतलं रूप दिलं आणि बोर्डी-कोसबाडला बालवाडी उभी केली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तो वेगळा विषय आहे, पण इटलीतल्या शाळांचा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही.

दुसरा धक्का क्षयरोगाचा. क्षय बरा करणारं स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून वेळ होता. औषध म्हणजे हवा, ऊन, विश्रांती आणि दूध. जर्मनीत 1904 मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गला रानातली शाळा सुरू झाली आणि ती कल्पना युरोपभर पसरली. मिलानमध्ये घोड्यांच्या शर्यतीचं जुनं मैदान शहराने घेतलं आणि 1920 च्या दशकात तिथे ‘कासा देल सोले’, म्हणजे सूर्याचं घर, नावाची शाळा वसवली. एक मोठी इमारत नाही. झाडांमध्ये विखुरलेली बैठी घरं, मुलांसाठी शेत, पोहण्याचा तलाव. त्या घरांची शैली आधुनिक मुळीच नव्हती. तरी माझ्या दृष्टीने इटलीतल्या आधुनिक शाळेची सुरुवात तिथे होते, कारण वर्गाचं दार थेट बागेत उघडायला तिथे सुरुवात झाली. आधुनिक वास्तूचं श्रेय केवळ सिमेंट-काचेला देणाऱ्यांनी हे मैदान विसरू नये. तो भाग आजही पार्को ट्रॉटर म्हणून ओळखला जातो.

आता राजवटीचा प्रश्न. 1926 मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेल्या सात तरुणांनी ‘ग्रुप्पो सेत्ते’ नावाने लेख लिहून तर्कशुद्ध वास्तूचा पुरस्कार केला. त्यात जुझेप्पे तेर्राग्नी होता, लुईजी फिजिनी आणि जिनो पोल्लिनी होते; पुढे आदाल्बेर्तो लिबेरा आला. या मुलांना वाटत होतं की फॅसिझम ही क्रांती आहे, आणि क्रांतीची वास्तू आधुनिकच असणार. मुसोलिनीने त्यांना तोडलं नाही आणि पूर्ण स्वीकारलंही नाही. जर्मनीत हिटलर सत्तेवर येताच बाउहाउस ही आधुनिक कला-वास्तूची शाळा बंद पडली. इटलीत मात्र अनेक वर्षं दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी चालले. एकीकडे मार्चेल्लो पियाचेंतिनीसारखे दरबारी, खांब-कमानींचे. दुसरीकडे ही तरुण मंडळी. रोमचं नवं विद्यापीठ 1935 मध्ये उघडलं तेव्हा एकूण आराखडा पियाचेंतिनीचा होता, पण भौतिकशास्त्राची इमारत जुझेप्पे पागानोची आणि गणिताची जिओ पोंतीची. म्हणून ‘फॅसिस्ट शैली’ असं एकच काही शोधू नका, सापडणार नाही. राजवटीला शैलीपेक्षा बांधकामांची संख्या हवी होती: नवी गावं, नवी टपाल कार्यालयं, नव्या शाळा, आणि प्रत्येकीच्या उद्‌घाटनाचा फोटो.

लिबेराने ट्रेंटोमध्ये राफाएल्लो सांझिओ प्राथमिक शाळा बांधली ती याच काळात, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला. ट्रेंटो पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीला मिळालेलं शहर. जुन्या किल्ल्याच्या परिसरात सपाट छपराची, नेटकी, सरळ रेषांची शाळा. चांगली इमारत आहे. पण मला थांबायचं आहे ते कोमोमध्ये.

कोमो हे आल्प्सच्या पायथ्याचं, सरोवराकाठचं गाव. तेर्राग्नीचं कार्यालय इथलंच. त्याची सगळ्यात प्रसिद्ध इमारत म्हणजे 1936 मध्ये पूर्ण झालेलं फॅसिस्ट पक्षाचं कार्यालय, कासा देल फाशो. 33 मीटर बाजूचा चौरस, उंची बरोबर निम्मी, साडेसोळा मीटर. मुसोलिनीचं एक वाक्य होतं की फॅसिझम म्हणजे काचेचं घर, कुणीही आत डोकावून बघावं. तेर्राग्नीने ते शब्दशः घेतलं. समोरच्या चौकाच्या बाजूला काचेच्या दारांची ओळ लावली, ती सगळी एकदम उघडायची आणि आतला जमाव रांगेने बाहेर यायचा. इमारत सुंदर आहे हे मी नाकारणार नाही. पण तिथली काच खोटं बोलते. जी राजवट विरोधकांना बेटांवर हद्दपार करत होती, तिच्यात कुणी काय डोकावून बघणार होतं?

त्याच गावात, त्याच वास्तुविशारदाने, 1936 आणि 37 मध्ये कामगारवस्तीत एक बालवाडी बांधली: आझिलो सांत’एलिया. नाव आंतोनिओ सांत’एलियाचं. हा कोमोत जन्मलेला, ‘भविष्यवाद’ या कलाचळवळीतला वास्तुविशारद पहिल्या महायुद्धात आघाडीवर, 1916 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी मारला गेला. इथेही काच आहे, खूप आहे. पण काम वेगळं करते.

इमारत एक मजली. जिना नाही, चढायचं काही नाही. प्लॅन इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा, मधे अंगण. रस्त्यावरून आत आलात की मधला मोठा खेळायचा हॉल, आणि त्याच्या काचेतून सरळ अंगण दिसतं. एका बाजूच्या हातात वर्गांची ओळ, दुसऱ्या बाजूला जेवणघर आणि स्वयंपाकघर. दारातून आत येणारं तीन वर्षांचं मूल आई सोडून गेल्यावर आधी काय बघतं? भिंत नाही, कॉरिडॉर नाही, मोठ्या बाईंचं टेबल नाही. हिरवळ आणि आकाश. त्या हॉलच्या उंबरठ्यावर मी गुडघे टेकून बसलो होतो, मुद्दाम, डोळे तीन फुटांवर आणण्यासाठी. उभं राहिल्यावर तुम्हाला काचेची आडवी चौकट, छताची कडा, खांबांची लय दिसते. बसल्यावर त्यातलं बरंचसं दिसेनासं होतं आणि फक्त बाहेरची जमीन दिसते, कारण काच जमिनीपर्यंत आलेली आहे. जुन्या शाळेत खिडकीची जी खालची कडा, म्हणजे सिल, मुलाच्या डोक्यावर होती, ती इथे त्याच्या पायाशी उतरवली आहे. त्या वेळी नोंदवहीत मी फक्त दोन आकडे लिहिले होते: माझ्या डोळ्यांची उंची उभं असताना आणि बसल्यावर.

हे शक्य झालं ते आरसीसी सांगाड्यामुळे. वजन कॉलम-बीमवर गेलं की भिंत मोकळी होते. तिथे काच लावा, पडदा लावा, काहीच लावू नका. तेर्राग्नीने कॉलम काही ठिकाणी भिंतीपासून सुटे ठेवले आहेत, म्हणजे सांगाडा कुठे आणि आडोसा कुठे हे स्पष्ट वाचता येतं. वर्गांमधल्या भिंतीही सरकवता येतील अशा केल्या होत्या, म्हणजे शेजारचे वर्ग जोडून मोठी खोली करायची. फर्निचरही त्याने स्वतःच आखलं.

तरी मला या इमारतीतला सगळ्यात शहाणा भाग विचाराल, तर मी बागेच्या बाजूची चौकट दाखवीन. वर्गांच्या काचेपुढे, बाहेर बागेत, सांगाड्याच्या खांब-तुळया पुढे आलेल्या आहेत. त्यांवर छप्पर नाही. नुसती रिकामी चौकट. फोटोत ती सजावटीसारखी वाटते आणि पुष्कळजण तिच्यावर भूमिती, पारदर्शकता, अवकाशाचे स्तर वगैरे लिहितात. तिचं मूळ काम साधं आहे: तिच्यावर कापडी छत ओढायचं. उन्हाळ्यात कनात पसरली की काचेवर सावली आणि बागेत वर्गाइतकाच सावलीचा तुकडा, मुलं बाहेर बसू शकतात. हिवाळ्यात कापड गुंडाळून ठेवलं की तिरपं ऊन आत. इमारत भूखंडाच्या कडांना समांतर नसून थोडी फिरवलेली आहे, तीही सूर्याच्या हिशेबाने.

हा हिशेब एकदा करून बघा, कारण इथेच सगळं दडलेलं आहे. कोमो साधारण 46 अंश अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम 21 अंश चढतो. तीन मीटर उंचीची दक्षिणमुखी काच धरली तर ऊन खोलीत साडेसात मीटरपेक्षा आत जातं. वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत. जूनमध्ये तोच सूर्य 67 अंशांवर असतो आणि त्याच काचेतून ऊन सव्वा मीटरच्या आसपास शिरतं. म्हणजे जमिनीपर्यंतची काच तिथे हिवाळ्यात शेकोटी होते, आणि उन्हाळ्यात कापडाच्या एका पट्ट्याने आवरते. क्षयाच्या भीतीने ऊन शोधणाऱ्या, सरोवराकाठच्या दमट थंडीतल्या गावासाठी ही भिंत चोख होती. त्रास होतेच. त्या काळची एकपदरी काच आणि बारीक चौकटी थंडी अडवत नाहीत, आणि पातळ काँक्रीट जपणं हे आजही अशा सगळ्याच इमारतींचं दुखणं आहे. पण विचार चुकलेला नव्हता.

कोमोजवळच, चेर्मेनातेच्या आस्नागो भागात, चेझारे कात्तानेओ नावाच्या तरुणाने त्याच सुमारास, 1935 ते 37, आणखी एक बालवाडी बांधली. तो तेर्राग्नीहून आठ वर्षांनी लहान. तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. तुम्ही तिकडे गेलात तर चुकवू नका.

आता समुद्रकाठी चला. इथे दुसरी बाजू दिसते. शहरातल्या आणि कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलांना उन्हाळ्यात हवापालटासाठी पाठवायच्या वसाहती, ‘कोलोनिये’, या काळात इटलीभर शेकडोंनी उभ्या राहिल्या. आरोग्याचा हेतू खरा होता. कित्येक मुलांनी समुद्र पहिल्यांदा तिथेच पाहिला. वास्तूच्या दृष्टीनेही यातल्या काही त्या दशकातल्या सगळ्यात धाडसी इमारती आहेत. कात्तोलिकाला क्लेमेंते बुझिरी वीची याने जहाजांच्या ताफ्यासारखी वसाहत रचली. आज तिथे मत्स्यालय आहे. चेझेनातिकोला जुझेप्पे वाक्कारोने आजिप कंपनीसाठी 1938 मध्ये खांबांवर उचललेली लांबलचक इमारत पूर्ण केली. ती मला अतिशय आवडते, कारण इतकी मोठी असूनही ती समुद्राच्या आड येत नाही.

पण मारिना दी मास्साचा मनोरा बघा. फियाट कंपनीसाठी वित्तोरिओ बोनादे बोत्तीनोने 1933 मध्ये बांधलेला, पन्नास मीटरच्या वर उंच, गोल, पांढरा. आत मजले नाहीत. मधे पोकळी आणि तिच्याभोवती खालपासून वरपर्यंत गोल गोल चढत जाणारा एकच उतार, त्या उतारावर मुलांचे पलंग. म्हणजे शेकडो मुलांची एकच सलग झोपायची खोली, आणि तिला कोपरा नाही. बांधकामाचं कौशल्य म्हणाल तर अफाट. पण त्या पलंगावर स्वतःला ठेवून बघा. वय आठ, घर सोडून पहिली रात्र, रडू येतंय. पाठ वळवायला भिंत नाही, दार लोटायला दार नाही. पोकळीकडे बघितलं की पलीकडचे पलंग दिसतात आणि पलीकडच्यांना तुम्ही दिसता. इथे मुलाला बाहेरचं काय दिसतं याला महत्त्व नाही. मूल सगळ्यांना दिसलं पाहिजे याला आहे.

याच रेषेत बालिल्ला संघटनेच्या इमारती येतात. 1926 मध्ये स्थापन झालेली ही मुलांची फॅसिस्ट संघटना. 1937 मध्ये ती पक्षाच्या नव्या युवक संघटनेत विलीन झाली. तिच्यासाठी लुईजी मोरेत्तीने रोमच्या त्रास्तेवेरे भागात, गाएतानो मिन्नुच्चीने मोंतेसाक्रोत, आणि इतरांनी जवळजवळ प्रत्येक गावात व्यायामशाळा, तलाव, सभागृहं बांधली. मोरेत्तीचा हात तर असामान्य होता. त्याने बांधलेलं तलवारबाजीचं विद्यालय प्रकाश खोलीत कसा उतरवावा याचा वस्तुपाठ आहे. इमारती जशा वाढत गेल्या तसं शिक्षण मात्र आकसत गेलं. 1930-31 पासून प्राथमिक शाळांना सरकारचं एकच पाठ्यपुस्तक. 1935 पासून शनिवारची दुपार कवायतीसाठी राखीव. भिंतीवर राजा आणि ‘दूचे’, म्हणजे मुसोलिनी, शेजारी शेजारी. काच कितीही स्वच्छ असली तरी आत वाचायचं पुस्तक एकच होतं.

आणि मग 1938. सप्टेंबरच्या सुरुवातीला हुकूम निघाला आणि ज्यू मुलं, ज्यू शिक्षक इटलीच्या सरकारी शाळांतून बाहेर काढले गेले, शाळा सुट्टीनंतर उघडायच्या ऐन तोंडावर. या विषयावर बोलताना इथे थांबल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. बार्दोनेक्कियाच्या डोंगरात मुलांसाठी एक देखणी वसाहत त्याच वर्षांत उभी राहत होती. तिचा वास्तुविशारद जिनो लेवी-मोंताल्चिनी स्वतः ज्यू. त्याची बहीण रीता हिला तूरिनच्या विद्यापीठातलं काम सोडावं लागलं. तिने घरातल्या खोलीत प्रयोग चालू ठेवले आणि 1986 मध्ये तिला नोबेल मिळालं. रोमच्या भौतिकशास्त्र विभागातले एन्रिको फेर्मी, ज्यांची पत्नी ज्यू होती, 1938 च्या डिसेंबरात नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेले ते परत आलेच नाहीत. लेन्यानोला मुलांसाठी ऊन-उपचाराची हलकी, सुंदर वसाहत बांधणाऱ्या बीबीपीआर या चौघांच्या गटातल्या एर्नेस्तो रॉजर्सना पुढे स्वित्झर्लंडला पळावं लागलं; जान लुईजी बान्फी 1945 मध्ये गुझेनच्या छळछावणीत मेले. भौतिकशास्त्राची इमारत बांधणारा पागानो एकेकाळी फॅसिझमवर मनापासून विश्वास ठेवणारा होता. तो पुढे प्रतिकारात उतरला आणि 1945 च्या एप्रिलमध्ये माउथहाउझेनच्या छळछावणीत मेला. तेर्राग्नी रशियन आघाडीवरून मनाने मोडून परतला आणि 19 जुलै 1943 ला कोमोत गेला, वय एकोणचाळीस. सहा दिवसांनी मुसोलिनी पडला. लेन्यानोची वसाहत 1956 मध्ये पाडली गेली.

तुमच्या प्रश्नातल्या ‘वारसा’ या शब्दाला हे माझं उत्तर आहे. या इमारती ज्यांनी बांधल्या त्यांत राजवटीवर विश्वास असलेले होते, विश्वास उडालेले होते आणि राजवटीने ज्यांना संपवलं तेही होते. सगळ्यांना एकाच पोत्यात घालून फेकून देणं म्हणजे त्यांच्यातला फरक शोधायचं कष्टाचं काम टाळणं. आणि नुसतं ‘काय सुंदर फॉर्म आहे’ म्हणत फिरणं हेही तेच टाळणं.

इव्रेयाचं एक उदाहरण सांगतो, कारण तिथे काळ बदलताना दिसतो. आद्रियानो ओलिवेत्ती यांच्या टाइपरायटर कारखान्यासाठी फिजिनी आणि पोल्लिनी यांनी 1939 ते 41 मध्ये पाळणाघर बांधलं. इथिओपियावर हल्ला केल्यामुळे 1935 च्या अखेरीस राष्ट्रसंघाने निर्बंध लादले होते. इटलीने स्वावलंबनाचा धोशा लावला आणि बांधकामाला लोखंड मिळेनासं झालं. काच-काँक्रीटच्या या दोन पुरस्कर्त्यांनी मग दगड हाती घेतला. बैठी इमारत, दगडाच्या भिंती, अंगण, वेलींचा मांडव. कोमोची बालवाडी सगळी उघडी; ही थोडी कुशीत घेणारी. मला दोन्ही पटतात. दोन्हींत मूल जमिनीवर आहे आणि दार बागेत उघडतं. इव्रेयाचा हा औद्योगिक भाग 2018 पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

राहिला शेवटचा भाग: आपण यातून काय घ्यायचं. इथे मी माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. उमेदीच्या वर्षांत कोमोच्या नकाशांनी भारलेला असताना मी विदर्भातल्या एका शाळेचं काम केलं. प्लॉट अरुंद, वर्गांची लांब बाजू पश्चिमेला, आणि मी तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच दिली. छज्जा दोन फुटांचा. संस्थेने सावलीसाठी वेगळा खर्च नको म्हटलं आणि मी ते ऐकलं. आजही वाटतं की तिथे अडून बसायला हवं होतं. पुढच्या मार्चमध्ये दुपारच्या वर्गाला गेलो तेव्हा काचेवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, एकावर एक, खळ लावून. दिवे चालू होते. एका मुलीने आपल्या बाकाजवळच्या कागदाला बोटाएवढं भोक पाडलं होतं आणि त्यातून ती बाहेरचं लिंबाचं झाड बघत होती.

त्या भोकाने मला जे शिकवलं ते कुठल्या व्याख्यानाने शिकवलं नाही. कोमोहून आणायची होती ती रिकामी चौकट. मी आणली काच. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. डिसेंबरातही दुपारचा सूर्य 48 अंशांवर असतो, आणि मे महिन्यात तो थेट डोक्यावरून जाऊन पुढे काही आठवडे दुपारी उत्तरेकडे असतो. आपल्याकडे ऊन आत बोलवायचं नसतं, दारातच थांबवायचं असतं. म्हणजे आधी सावलीचा पट्टा, मग उघडी बाजू. आपल्या पडवीने आणि ओसरीने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. तेर्राग्नीची चौकट आणि आपली पडवी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. पडवी दहा-बारा फूट खोल करा, वर्ग पूर्व-पश्चिम लांबट ठेवून उत्तर-दक्षिण उघडा, पश्चिमेची भिंत भरीव ठेवा, आणि खिडकीची सिल लहान मुलांच्या वर्गात दीड फुटाच्या वर नेऊ नका. पडण्याची भीती असेल तर बाहेरून गज द्या, पण मुलाला झाड दिसू द्या.

कोमोला जाणार असाल तर एक क्रम सुचवतो. सकाळी आधी कासा देल फाशो बघा. तिथे आता वित्त-पोलिसांचं कार्यालय आहे, त्यामुळे आत जाण्याबद्दल आधी चौकशी करा. चौकातून बघितली तरी पुरे. मग चालत बालवाडीकडे या. शक्य असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात जा, ऊन तिरपं असताना. सोबत मीटर टेप ठेवा आणि दोन्ही ठिकाणी दोनदा बघा: एकदा उभं राहून, एकदा खाली बसून.